बर्फात पुढे कोण चालणार?

मागच्या अंकात एका भलत्याच प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातली 4000 फुटांवरची 48 शिखरं मी सहा हिवाळ्यांत पुरी केली आणि त्यातून मला तीन माणसं मिळाली. शिखरांबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. पत्रं आली ती सगळी माणसांबद्दल. म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रं छाटली आहेत आणि नावगाव काढलं आहे.

ज्यांना ही यादी ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. ॲपलाचियन माउंटन क्लबच्या एका समितीने 1957 मध्ये ती सुरू केली. तेव्हा शिखरं 46 होती. गेलहेड 1975 मध्ये आलं, बाँडक्लिफ 1980 मध्ये. हिवाळ्यात सगळी शिखरं पहिल्यांदा केली मिरियम आणि रॉबर्ट अंडरहिल या नवराबायकोने, डिसेंबर 1960 मध्ये. मिरियमबाई तेव्हा 62 वर्षांच्या होत्या. मी स्वतः निवृत्त लॅब टेक्निशियन, वय 63. गाइड नाही, डॉक्टर तर नाहीच नाही.

माझ्या तीन माणसांची नावं देणार नाही, त्यांना आवडणार नाही. एक बाई शाळेची बस चालवायच्या, त्या बसवाल्या. एक मुलगा रात्रीच्या ड्यूटीवरचा नर्स, तो रात्रपाळी. तिसरा सर्व्हेअर, त्याला सर्व्हेअरच म्हणू, कारण तो स्वतःबद्दल याहून जास्त काही बोलतच नाही. ते तिघं मला ‘टाय’ म्हणतात. ‘ताई’ शिकवायचा नाद मी पहिल्याच हिवाळ्यात सोडला.

ताई, मी 44 वर्षांची, बॉस्टनजवळ राहते. उन्हाळ्यात 19 शिखरं झाली आहेत. नवऱ्याला थंडी सोसत नाही, मैत्रिणींना वाटतं मला वेड लागलंय. हिवाळ्यात एकटीने जाऊ नये असं सगळे बजावतात. मग सोबत आणायची कुठून? अनोळखी माणसांबरोबर जंगलात जायची भीती वाटते.

मलाही कुणी नव्हतं. क्लबच्या शाखा हिवाळी चढाईचे वर्ग घेतात आणि सहली काढतात. तशाच एका सहलीला मी नाव दिलं होतं. सहा जणांनी नावं दिली होती. आदल्या रात्री तापमान बघून दोघांनी काढून घेतली. उरलो चौघं. रूट 16 वरच्या रॉकी ब्रँच ट्रेलच्या पार्किंगमध्ये सकाळी सहा वाजता, उणे 4 फॅरनहाइटमध्ये, आम्ही एकमेकांचे चेहरेसुद्धा धड पाहिले नाहीत. नाक आणि हेडलॅम्प, एवढंच दिसत होतं. जायचं होतं माउंट आयसोलेशनला. नाव बघा! माणसं जोडायला मी एकांतवास नावाच्या डोंगराकडे निघाले होते.

दोन फूट ताजा बर्फ पडला होता आणि आमच्या आधी कुणी गेलेलं नव्हतं. अशा वेळी सगळ्यात पुढच्याने स्नोशूंनी (पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे) बर्फ तुडवत वाट पाडायची असते. दहा मिनिटांत त्याचा दम निघतो. मग तो काही न बोलता बाजूच्या बर्फात एक पाऊल टाकून उभा राहतो, बाकीचे पुढे जातात आणि तो सगळ्यांच्या मागे लागतो. दुसऱ्याला अर्धी पडलेली वाट मिळते, तिसऱ्याला बरी, चौथ्याला जवळजवळ रस्ता. चौघं असाल तर दहा मिनिटं राबायचं आणि तीस मिनिटं सावरायचं. एकट्या माणसाला हे गणित सोडवता येत नाही.

यात गंमत अशी, की पुढचा कधी बोलत नाही, त्याला श्वासच नसतो. बोलणं चालतं शेवटच्या दोघांत. आणि रांग सारखी फिरत असल्यामुळे तुमचा श्वास परत येतो तेव्हा आपला नंबर संपवून नुकताच कोणीतरी तुमच्या मागे येऊन लागलेला असतो. तो ऐकतो, तुम्ही बोलता. पुढच्या फेरीत तो बोलतो. त्या दिवशी पाच तासांत मी बसवाल्यांना माझ्या आईच्या आजारपणाबद्दल जेवढं सांगितलं तेवढं सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नव्हतं. समोर पाठ असते, डोळे नसतात. बोलणं सोपं जातं.

आयसोलेशन त्या दिवशी झालंच नाही. एक वाजता, असू तिथून परत फिरायचं असं गाडीपाशीच ठरलं होतं. एक वाजला तेव्हा आम्ही चार मैलांच्याही आत होतो. एकूण जायचे होते सातहून जास्त. कुणी हुज्जत घातली नाही. मला वाटतं, आमची दोस्ती जमली ती त्या एक वाजता. तीन आठवड्यांनी तेच चौघं पुन्हा गेलो आणि शिखर झालं. त्या दिवसाचं मला आता फारसं काही आठवत नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती रास्त आहे, पण तुम्ही तिचा रोख चुकीच्या जागी लावला आहे. अनोळखी माणूस वाईट निघेल ही शक्यता कमी. तो हलगर्जी निघेल ही शक्यता बरीच जास्त. म्हणून पहिली चढाई छोटी ठेवा. क्रॉफर्ड पाथने माउंट पियर्स करा. ती वाट 1819 ची आहे, या देशातली सतत राखलेली सगळ्यात जुनी पायवाट. जायचे तीनेक मैल, आणि जवळजवळ शेवटपर्यंत झाडांचा आडोसा. डोंगर काय करायचा तो करेल, तुम्ही सोबत्याकडे बघा. चढ सुरू व्हायच्या आधी तो जाकीट काढतो का? (घामाने आतले कपडे भिजले की वर थांबल्यावर तेच कपडे जिवावर उठतात. जुने लोक गाडीपाशी कुडकुडतच निघतात.) तुम्ही हातमोजे बदलायला थांबलात तर तो थांबतो की ‘ये मागून’ म्हणतो? परत कधी फिरायचं हे तो आधी बोलतो का? सॅकमध्ये दुसरा हेडलॅम्प आहे का? डिसेंबरअखेर तिथे सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. हे सगळं जमत असेल तर त्याचं राजकारण, पगार, आडनाव यांपैकी काहीही विचारायची गरज नाही.

आडनाव मात्र विचारा. मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात निघताना नवरा म्हणाला, “कुणाबरोबर चाललीस ते लिहून ठेव.” मी कागदावर लिहिलं, ‘सर्व्हेअर, निळी गाडी.’ तो कागद त्याने फ्रिजवर लावून ठेवला, अजून आहे. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: चौघांची पूर्ण नावं, गाड्यांचे नंबर, घरच्यांचे फोन, कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत. आणि राज्याचं ‘हाइक सेफ’ कार्ड काढा, एका माणसाला 25 डॉलर. तुमच्या निष्काळजीपणामुळे सुटकेला माणसं पाठवावी लागली तर राज्य त्याचं बिल लावू शकतं. कार्ड असेल तर त्यातून सुटका होते. बेफिकिरी केलीत तर मात्र कार्डसुद्धा वाचवत नाही.

नवऱ्याला ओढून नेऊ नका. माझा एकदा आला होता. पुन्हा तो विषय आम्ही काढलेला नाही.

नमस्कार. वय 57, गुडघे ठीक, पण ग्रुपमध्ये सगळ्यात हळू मी. प्रत्येक फाट्यावर चौघं थांबलेले असतात. मी पोचलो की लगेच निघतात. कुणी बोलून दाखवत नाही, पण मला शरम वाटते. सोडून द्यावं का?

सोडू नका, पण हे असंच चालूही ठेवू नका. तुम्ही वर्णन केलंत त्यात सगळ्यांचंच नुकसान आहे. ते चौघं थांबून गारठतात, तुम्ही पोचता तेव्हा त्यांची विश्रांती संपते आणि तुमची सुरूच होत नाही. म्हणजे सगळ्यात दमलेल्या माणसाला सगळ्यात कमी आराम. त्यात तुमच्यावर उपकार कुणी करत नाहीये, हिशोब चुकतो आहे एवढंच.

हिशोब असा दुरुस्त करा. वाट तुडवलेली असेल तेव्हा तुम्ही रांगेत दुसरे चाला. शेवटी अजिबात नाही. पुढचा माणूस तुमचा श्वास ऐकत चालेल आणि आपोआप वेग धरेल. हिवाळ्यात हळू चालणं हा दोष नाहीच. घाम न येता दिवसभर टिकेल तोच वेग बरोबर. आमच्यात हळू मी होते. रात्रपाळी वयाने माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, त्याच्या पायांना स्प्रिंग. पहिल्या वर्षी तो दर अर्ध्या तासाला घामाने चिंब होऊन माथ्यावर काकडायचा. मग एके दिवशी त्याने स्वतःहून माझ्यामागे चालायला सुरुवात केली. मला वाटलं दया करतोय. तो म्हणाला, “टाय, तुझ्यामागे चाललो की माझा शर्ट कोरडा राहतो.”

आणि फाट्यावर पोचल्यावर मोठ्याने म्हणा, “मला दोन मिनिटं.” मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही. पहिल्यांदा जड जाईल. तिसऱ्यांदा तेच विचारतील, “झाली का तुमची दोन मिनिटं?”

बाकी त्यांनी खरंच तोंड वाकडं केलं तर ग्रुप बदला. डोंगर तेच राहतात.

डोंगरातल्या मित्रांशी मी शनिवारी दहा तास बोलतो. पण मागच्या उन्हाळ्यात त्यांना घरी बोलावलं तर अर्ध्या तासात विषय संपले. सगळे पाय चाळवत बसलेले. ही मैत्री खरी म्हणायची का?

का नाही? प्रत्येक मैत्रीने सोफ्यावर बसून दाखवलंच पाहिजे असं थोडंच आहे?

न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅक्स डोंगरांतल्या 46 शिखरांची यादी आहे. ती सगळी पहिल्यांदा करणारे तिघं: बॉब आणि जॉर्ज मार्शल हे भाऊ आणि हर्बर्ट क्लार्क. 1918 मध्ये सुरुवात केली तेव्हा बॉब 17 वर्षांचा, जॉर्ज 14 चा. क्लार्क पन्नाशीला टेकलेला, त्या कुटुंबाच्या पदरचा गाइड. मुलं न्यूयॉर्कच्या नामांकित वकिलाची, आणि हा जंगलात आणि होड्यांत वाढलेला. 1925 मध्ये यादी पुरी झाली ती तिघांची मिळून. त्यांच्यात सोफ्यावरचे विषय किती असतील?

बसवाल्या आणि मी गेली बारा वर्षं एकमेकींच्या विरुद्ध पक्षांना मतं देत आलोय. गाडीत दोन विषय बंद आहेत, आणि ते कुठले हे आम्ही कधी ठरवलेलं नाही. त्यांच्या घरी मी एकदाच गेले, पंधरा मिनिटं बसले आणि मग दोघी उठून अंगणातलं लाकूड रचायला लागलो. छान गेली दुपार. तुमच्या मित्रांना पुढच्या वेळी घरी बोलवाल तेव्हा काहीतरी काम काढून ठेवा.

ताई, मागच्या जानेवारीत मी आणि माझा जुना मित्र माउंट लाफायेटला गेलो. झाडी संपते तिथे वारा इतका होता की मला पुढे जायचं नव्हतं. तो म्हणाला, ‘माझं 41वं आहे, मी पटकन शिवून येतो, तू खाली हो.’ मी एकटा उतरलो. हेडलॅम्प मंद पडत गेला, दोनदा वाट चुकलो. तो दीड तासाने गाडीपाशी आला आणि म्हणाला, ‘काही झालं तर नाही ना?’ तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. बायको म्हणते मी ताणतोय. तुम्ही सांगा.

तुम्ही ताणत नाही आहात. पण माझं ऐकण्याआधी माझी एक गोष्ट ऐका, म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलते आहे ते कळेल.

तिसऱ्या हिवाळ्यात बसवाल्या आणि मी गेलहेडला गेलो होतो, दोघीच. वर गेलहेड हट आहे, चढणाऱ्यांसाठीचं मुक्कामाचं घर, हिवाळ्यात बंद. तिथून शिखर जेमतेम अर्धा मैल. हटपाशी बसवाल्या म्हणाल्या, “आज माझे पाय चालत नाहीत. तू जाऊन ये, मी बसते.” त्यांचं गेलहेड आधी झालेलं होतं, माझं नव्हतं. मी विचारसुद्धा केला नाही. अर्धा मैल म्हणजे काय! गेले, माथ्यावर फोटो काढला, खाली घसरत आले. चाळीस मिनिटं लागली असतील. आले तेव्हा त्या बंद दाराला टेकून उभ्या होत्या आणि सॅकच्या पट्ट्याचं बक्कल लावायचा प्रयत्न करत होत्या. लागत नव्हतं. तिसाव्या वर्षापासून बस चालवणारी बाई, हात असे भक्कम, आणि एक प्लास्टिकचं बक्कल लागेना. मी विचारलं, “ठीक ना?” त्यांनी मला शिवी दिली. बसवाल्या शिव्या देत नाहीत.

शरीराचं तापमान उतरायला लागलं की माणूस अडखळतो, पुटपुटतो, हातातून वस्तू सोडतो, विनाकारण चिडतो. वर्गात हे सगळं शिकवतात. शिकवत नाहीत ते एवढंच, की कुठलं चिडणं विनाकारण आहे हे ओळखायला त्या माणसाचं रोजचं चिडणं ठाऊक असावं लागतं. अनोळखी माणसाला वाटलं असतं, बाई जरा तिरसट दिसतायत. मला कळलं, कारण मी त्यांच्यामागे तीन हिवाळे चालले होते. त्यांच्या अंगावर माझं पिसांचं जाकीट चढवलं, गोड काहीतरी तोंडात कोंबलं, हाताला धरून चालवत उतरवलं. तासाभरात गाडी पुन्हा रुळावर आली. त्यानंतर मला आठवडाभर झोप लागली नाही. त्यांनी ‘तू जा’ म्हटलं होतं हे खरं. पण थंडीत उभ्या माणसाचं ‘तू जा’ मी शब्दशः घेतलं, कारण मला ते घ्यायचं होतं. यादीत एक चौकोन रिकामा होता.

तेव्हा तुमच्या मित्राला काय झालं होतं ते मला आतून माहीत आहे. 41 हा आकडा फार वाईट. सुरुवातीला माणूस डोंगर चढतो, चाळिशीनंतर बेरीज चढतो. त्याने तुम्हाला मुद्दाम टाकलं असं मी म्हणणार नाही. त्याला तुम्ही दिसलाच नाहीत.

न्यू हॅम्पशायरची जी हायकर आचारसंहिता आहे, त्यात एक वाक्य साधं आहे: निघताना जे बरोबर, चालताना ते बरोबर, परतताना ते बरोबर. त्यापुढचं: परत फिरायची तयारी ठेवा. माउंट वॉशिंग्टनच्या वाटांवर झाडी संपते तिथे पाट्या आहेत: पुढे अमेरिकेतली सगळ्यात वाईट हवा आहे, उन्हाळ्यातसुद्धा माणसं मेली आहेत, हवा खराब असेल तर आत्ताच परत फिरा. लाफायेट त्या मानाने सौम्य, पण ग्रीनलीफ हटपासून वर एक मैल उघडाच आहे, वाऱ्याला अडवायला काही नाही. दोघांपैकी एकाने ‘नको’ म्हटलं की दोघांचं ‘नको’ होतं. त्यात बहुमत नसतं, आणि दोघांत बहुमत होणार तरी कसं?

आता काय करायचं. त्याला एकदा भेटा आणि काय झालं ते क्रमाने सांगा: मंद होत गेलेला दिवा, दोनदा चुकलेली वाट, गाडीपाशी एकटं काढलेला तो वेळ. ‘तू असा का वागलास’ असं विचारू नका, माणूस लगेच वकील होतो. नुसतं सांगा. तो गप्प झाला तर आशा आहे. ‘पण तू ठीक होतास ना’ असं पुन्हा म्हणाला तर तो तुमचा उन्हाळ्यातला मित्र. त्यात कमीपणा नाही. सिनेमाला जा, त्याच्या मुलीच्या लग्नाला जा, जुलैत डोंगरातही जा. जानेवारीत त्याच्या गाडीत बसू नका.

आणि हेडलॅम्पची बॅटरी थंडीत मरते. जास्तीची बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवायची. ही चूक तुमची होती. तीही त्याच भेटीत कबूल करून टाका. बोलणं सोपं होईल.

20 डिसेंबरला माथ्यावर उणे 10, कमरेएवढा बर्फ. हे हिवाळ्यात धरायचं नाही? मित्र म्हणतो, कोण बघतंय?

नाही धरायचं. क्लबचा हिवाळा पंचांगाचा: सूर्य दक्षिण टोकाला पोचतो त्या तासा-मिनिटाला सुरू, मार्चमधल्या संपाताच्या तासा-मिनिटाला संपला. चढाई त्यानंतर सुरू आणि त्याआधी पूर्ण. 19 मार्चला चिखलात चाललात तरी तो हिवाळा.

नियम हास्यास्पद आहे हे मान्य. सर्व्हेअरचं 48वं शिखर माउंट जेफरसन. बसवाल्यांनी मोठा पुठ्ठा कापून त्यावर ‘48’ रंगवला होता, माथ्यावर फोटोसाठी. पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्रपाळीच्या नाकावर पांढरा डाग दिसला, हिमदंशाची सुरुवात. सर्व्हेअरनेच पाठ फिरवली, एक शब्द न बोलता. दुसऱ्यांदा वारा. मग मार्च संपला. तो पुठ्ठा नऊ महिने माझ्या गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनमागे उभा होता. एप्रिलात सर्व्हेअर एकटाच जेफरसनला जाऊन आला, तिथे अजून बर्फ होता म्हणे. पण पुठ्ठा न्यायला आला नाही. जानेवारीत आला.

आमच्या पाच जणांच्या ग्रुपची यादी मागच्या फेब्रुवारीत पुरी झाली. कापडी बिल्ले आले, जाकिटांवर शिवले. त्यानंतर ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे मेसेज. या डिसेंबरात कुणी ‘कुठे जायचं’ विचारलंच नाही. इतक्या शनिवारांचं हेच का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमचंही असंच झालं होतं. बिल्ला आला त्या महिन्यात मला घरात कुठे बसावं कळेना.

बरेच जण नवी यादी धरतात. 48 शिखरं वर्षाच्या बाराही महिन्यांत, म्हणजे 576 चौकोन. त्याला इकडे ‘ग्रिड’ म्हणतात. रात्रपाळी त्याच्या नादी लागला आहे, आता साडेतीनशेच्या घरात आहे. मला ते जमण्यासारखं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा कंटाळाही येतो. यादीचं मोल माझ्यापुरतं इतकंच होतं, की ‘कुठे जायचं’ हा वाद मिटायचा. शनिवार कुठला आणि डोंगर कुठला हे कागद ठरवायचा, आम्ही फक्त यायचो. कागद गेला आणि चौघं शहाणी माणसं एकमेकांना ‘बघू, कळवतो’ म्हणायला लागली. ‘कळवतो’वर कुठलाही ग्रुप टिकत नाही.

आम्हाला वाचवलं बसवाल्यांच्या गुडघ्याने. गुडघा बदलावा लागला, डॉक्टरांनी स्नोशू बंद सांगितले. त्या म्हणाल्या, “ठीक, मग मी गाडी चालवते. तेच तर मला येतं.” आडव्या वाटेने एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरायचं असेल तर दोन गाड्या लागतात, आणि हिवाळ्यात झीलंड रोडसारखे रस्ते बंद असल्याने साडेतीन मैल नुसता रस्ताच तुडवायचा असतो. आता त्या आम्हाला सोडतात, दिवसभर कुठेतरी विणत बसतात आणि दुसऱ्या टोकाला गाडी तापवून उभ्या असतात. आम्ही ठरवलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशीर झाला की हॉर्न वाजवतात. मैलभर आत ऐकू येतो असा त्यांचा समज आहे.

आणखी एक करतो. दुसऱ्यांच्या शेवटच्या शिखराला जातो. ओळखीच्या ओळखीतून कळतं, अमक्याचं 48वं या शनिवारी. वाट पाडायला माणसं हवीच असतात. मागच्या महिन्यात असंच एका मुलीच्या शेवटच्या शिखराला गेलो. तिच्या ग्रुपमधल्या एका काकांना दम लागत होता आणि ते संकोचाने मागे राहत होते. सर्व्हेअर न बोलता त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या वेगाने चालायला लागला. माथ्यावर सगळे एकदम पोचलो.

तुमच्या ग्रुपवर आज रात्री लिहा. ‘काय म्हणता, भेटू या का’ असं नको. असं लिहा: ‘शनिवारी पियर्स. सहा वाजता वाटेच्या सुरुवातीला. मी गाडी काढतोय, दोन जागा आहेत.’ एक तरी येईल. निघण्याआधी माउंट वॉशिंग्टन वेधशाळेचा उंच शिखरांसाठीचा अंदाज बघा. या शनिवारी वारा नाही, मी आत्ताच पाहिला.